पिशवीची कैफियत

बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायांच्या तोंडी ‘गर्भाशय’ हा शब्द क्वचितच येतो. त्या म्हणतात ‘पिशवी काढली’, आणि ऐकणाऱ्याला वाटावे की दाराआडच्या खुंटीवरची एखादी थैलीच कोणी उतरवून नेली. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जो तपशील आला, त्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे दर सहा जणींत सुमारे एकीची, पिशवी काढलेली आढळली. मुकादमाची उचल अंगावर, नवराबायको मिळून एकच ‘कोयता’ मोजलेला, एका दिवसाचा खाडा पडला तरी दंड, आणि फडाच्या कडेच्या पालात ना न्हाणी ना पाणी. अशा संसारात पाळीच मुळी परवडेनाशी होते आणि कर्करोगाची भीती घालणाऱ्या डॉक्टरचा सल्ला सुटकेसारखा वाटू लागतो. अहवाल दाखल झाला, दप्तर बांधले गेले.

माझे म्हणणे असे की, ही कैफियत आता ध्वनिकलेच्या हाती द्यावी. चित्र नाही, निवेदक नाही, मागे सतारीचे करुण सूर तर नाहीतच, एका अंधाऱ्या दालनात केवळ त्या स्त्रियांचे आवाज आणि उसावर पडणारा कोयता.

यात परके असे काही नाही. पहाटेच्या काळोखात, घरातील पुरुष झोपेत असता, दगडाशी तोंड करून सुनेने गायिलेली ओवी दुसरे काय होती? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्याहून चालविलेल्या उद्योगातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतील ध्वनिमुद्रित ओव्या कानी पडल्या म्हणजे कळते की, छापील ओवीतून बाईचा श्वास तेवढा गळून गेलेला असतो. गिरणी आली आणि बाईचे दळण वाचले, हे चांगलेच झाले. पण तिची बोलण्याची ती एक हक्काची वेळही गेली.

आणि ध्वनी तर बाईच्या उदरापर्यंत केव्हाच पोहोचलेला आहे. सोनोग्राफीच्या यंत्रातून निघणाऱ्या, कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी गर्भावर आदळून परततात आणि पडद्यावर चित्र उमटते. गर्भजलपरीक्षेपाठोपाठ त्या चित्राचाही बाजार मांडला गेला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली याच राज्याला करावा लागला, यात भूषण मानावे की लाज, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अर्थात आवाजही ओळखू येतो. वाडीवस्तीवर चेहऱ्याआधी खोकला ओळखतात. म्हणून एकीचे बोलणे दुसरीच्या तोंडून म्हणवावे, आणि नको वाटेल त्या दिवशी आपले शब्द परत घेण्याची मुभा प्रत्येकीला असावी. बाकी कात्री कलावंताने खुशाल चालवावी. फक्त ‘ताई, पिशवी काढायच्या आधी तुम्हांला कोणी विचारलं होतं का?’ या प्रश्नानंतर जो वेळ जाईल, तो तेवढा पुरा ठेवावा.