काचेमागे गुदमरलेला पीसी

परवा अखेर गेमिंगचा पीसी नव्या कॅबिनेटमध्ये हलवला. जुन्याला समोर अख्खी काच, मागे १२० मिलिमीटरचे तीन रंगीत पंखे. दिसायला झकास, पण हवा शिरायला बाजूला बोटभर फट! पंखे ओढणार काय, कपाळ? गेम सुरू केला की ग्राफिक्स कार्ड ८४ अंशांवर. दादा म्हणाला, "कार्ड बदल." म्हणजे आणखी चाळीस हजार!

नव्याला समोर साधी जाळी. तेच पंखे, तेच कार्ड, तोच गेम... ७२ अंश! धूळ जास्त येते, कबूल. महिन्याला फिल्टर धुवायचा, झालं. बाजूला काच हवी तर खुशाल लावा. समोरची मात्र निव्वळ लूट आहे. भाचेबुवा, पहिल्या पगारातून पीसी घेताय ना? आधी जाळी बघा, मग दिवे.