नरगुंदचा डोंगर आणि बांधून ठेवलेले रुमाल

हुबळीहून विजापूरच्या दिशेने निघाले की नवलगुंदच्या पुढे सपाट काळ्या रानात एकाएकी एक डोंगर उभा राहतो. त्याच्या पायथ्याशी नरगुंद. अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण बदामीच्या ओढीने निघालेले प्रवासी येथे सहसा थांबत नाहीत. आम्ही या खेपेस थांबलो.

हे भावे घराण्याचे संस्थान. 1785 मध्ये टिपूच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि त्यातूनच मराठे-म्हैसूर युद्ध पेटले. पुढे भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांना इंग्रजांनी दत्तक घेऊ दिला नाही. मे 1858 मध्ये त्यांनी बंड पुकारले, पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि जूनमध्ये बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली. बेळगाव म्हटले की आपल्याला 1956 आठवते, 1858 क्वचितच.

नरगुंदात बाबासाहेबांचा अभिमान कन्नडमधून बोलला जातो. काही मराठी मंडळींना ते रुचत नाही. आमच्या मते त्यात वावगे काही नाही. दरबाराचे दप्तर मराठी आणि रयतेची बोली कन्नड, असाच हा मुलूख होता. हलगलीच्या बेडांनी 1857 मध्ये शस्त्रबंदीविरुद्ध केलेला उठाव कन्नड लावणीत टिकून आहे, आणि ‘लावणी’ हा शब्द दोन्ही भाषांत नांदतो. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द आपण कन्नडकडून घेतले; त्यासाठी कोणी आयोग नेमला नाही!

आम्हांला सलते ते वेगळेच. त्या काळचा मराठी कारभार मोडीत चाले. छापखान्याने देवनागरी पुढे केली, मोडी शाळेतून गेली, आणि ‘बाबासाहेब आमचे’ म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या काळातला एखादा कागद वाचता येतो. फलकांवर मराठी हवी, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण हवे, या मागण्या रास्त आहेत. दुसरीला तर घटनेच्या 350-अ अनुच्छेदाचा आधार आहे. त्या सोडण्याचे कारण नाही. परंतु मोडीचा वर्ग चालवण्यास कोणत्याही सरकारचा आदेश लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचनालयांनी आणि हुबळी-धारवाडच्या मराठी मंडळांनी आठवड्यातून एक तास त्याला द्यावा. जमल्यास शेजारीच कन्नड लिपीचाही. ज्यांच्या माळ्यावर जुने रुमाल पडून आहेत, त्यांनी ते वाळवीच्या आधी सोडावेत.