पडद्यावरची तमासगिरीण आणि नारायणगावचा फड



मराठी पडद्यावर तमाशातली बाई गेली कित्येक दशके नाचते आहे, पण तिचा व्यवसाय कसा चालतो हे पडद्याने फारसे दाखवलेले नाही. ती येते, एखाद्या प्रतिष्ठित पुरुषाला नादी लावते आणि शेवटी पस्तावते किंवा एकटी पडते. जुन्नर-आंबेगावच्या प्रेक्षकाला हे चित्र खटकते. तमाशाची पंढरी म्हणतात ते नारायणगाव याच भागात आहे आणि इथल्या फडांत बाई मालकीण म्हणूनही उभी राहिलेली आहे.

या चित्राचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९७२ चा ‘पिंजरा’. गावातून तमाशा हुसकावून लावणारे आदर्श गुरुजी चंद्रकलेच्या मोहात पडतात आणि धुळीला मिळतात. डॉ. श्रीराम लागू आणि संध्या यांचा अभिनय, राम कदम यांचे संगीत, जगदीश खेबूडकरांची गीते यांची थोरवी कोणी नाकारत नाही. पण या कथेचे मूळ १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटात आहे आणि तो चित्रपट हाइनरिश मान यांच्या १९०५ च्या कादंबरीवर बेतलेला होता. युरोपातल्या कॅबरेतली गायिका आणि तिच्यापायी बरबाद होणारा शिक्षक, अशी ती जोडी. त्या गायिकेला नऊवारी नेसवली, पायात चाळ बांधले आणि महाराष्ट्राने तिला तमाशाचे अस्सल रूप मानले. पन्नास वर्षांनी, २०२२ मध्ये, विश्वास पाटील यांच्या कादंबरीवरचा ‘चंद्रमुखी’ आला. त्यात गुरुजींच्या जागी राजकारणी आला, तरी गोष्ट बड्या माणसाच्या मोहाचीच राहिली.

दुसरी गफलत प्रकारांची आहे. संगीत बारी आणि ढोलकी फडाचा तमाशा या वेगळ्या गोष्टी आहेत. संगीत बारी कलाकेंद्रात किंवा थिएटरात चालते. तिथे लावणी आणि बैठक मुख्य. ढोलकी फड गावोगाव फिरतो. त्याच्याकडे ट्रक, तंबू, स्वयंपाकी, वादक, सोंगाड्या असा सगळा लवाजमा असतो आणि गण, गवळण, बतावणी अशा क्रमाने तो वगापर्यंत, म्हणजे मुख्य नाट्यापर्यंत, पोचतो. पडदा दोहोंची सरमिसळ करतो आणि वग वगळतो. वग गेला की बाईचा अभिनय जातो, उरते फक्त नाचणे.

चैत्र-वैशाखात जुन्नर-आंबेगावच्या गावागावांत यात्रा भरतात. रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाचा छोटा खेळ, म्हणजे हजेरी, आणि मग कुस्त्यांचा आखाडा, असा अनेक गावांचा शिरस्ता. यात्रांचे हे तमाशे ठरवण्यासाठी नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्यालगत फडांच्या राहुट्या लागतात. यात्रा कमिटीची माणसे राहुटीत येऊन बसतात. तारीख कोणती, कलाकार किती, हजेरी धरून रक्कम किती, इसार किती, यावर घासाघीस होते आणि मग सुपारी ठरते. कलाकारांना हंगामाआधी उचल द्यावी लागते. त्यासाठी मालक कर्ज काढतो आणि एखादी तारीख पावसाने बुडाली की ते अंगावर येते. पात्राच्या स्वभावाची कसोटी लागेल असे नाट्य यात ठासून भरले आहे. तरीही मोठ्या पडद्यावर सुपारीचा सौदा करणारी बाई अपवादानेच दिसते.

विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) हे फड चालवणाऱ्या बाईचे ठळक उदाहरण. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाचा वारसा त्यांनी चालवला. १९५७ आणि १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपती पदक मिळाले, राज्य सरकारचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्याच नावाने दिला जातो. त्यांच्याविषयी एक प्रसंग नेहमी सांगतात. दिवस भरलेले असताना त्या मंचावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्यावर मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. पोट सपाट झालेले पाहून प्रेक्षकांच्या ध्यानात आले आणि त्यांनीच खेळ थांबवायला सांगितले. हा प्रसंग त्यागाची कथा म्हणून सांगून लोक मोकळे होतात. पण नऊ महिन्यांच्या गरोदर बाईला त्या रात्री उभे का राहावे लागले, हा त्यातला खरा प्रश्न आहे. सुपारी घेतलेली, गर्दी जमलेली आणि फडातल्या सगळ्यांचे पोट त्या खेळावर अवलंबून. इतके असूनही विठाबाईंची अखेरची वर्षे पैशाच्या ओढाताणीत गेली.

बाई-पुरुष या भेदाबाबतही फड पडद्याच्या पुढे आहे. कांताबाई सातारकर वगात पुरुषांच्या भूमिका करत. गवळणीत गौळणींसोबत येणारी मावशी पुरुष करतो. उपरणे डोक्यावरून पदरासारखे घेतले की झाली मावशी. खाली धोतर तसेच, मिशाही तशाच, आणि प्रेक्षक तिला मावशी म्हणूनच स्वीकारतो. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत साडी नेसलेल्या पुरुषाचे साडी नेसणे हाच अनेकदा विनोद असतो. मावशी मात्र हसवते ती कृष्णाशी आणि पेंद्याशी होणाऱ्या हजरजबाबी बोलाचालीतून.

मराठी चित्रपटाला याहून चांगले जमलेले आहे, म्हणून ही तक्रार. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये (१९५९) पाटलाने केलेला अन्याय तमाशाच्या मंचावरूनच गावापुढे मांडला जातो, तिथे बाई बोलते आणि गावाला ऐकावे लागते. आनंद यादव यांच्या कादंबरीवरच्या ‘नटरंग’ने (२०१०) फड उभा करण्याचे कष्ट आणि नाच्याची विटंबना दाखवली, पण त्याचा नायक पुरुष आहे.

चित्रपट म्हणजे माहितीपट नव्हे, हे उत्तर ठरलेले आहे. ते एका चित्रपटापुरते पटते. तेच ते पात्र पिढ्यान्‌पिढ्या दाखवले की प्रेक्षक ते मनात धरून यात्रेला येतो. वग सुरू होताच पुढच्या रांगांतून चित्रपटातल्या लावणीची फर्माईश होते, मोबाइल उंचावतात, शेरेबाजी होते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याच्या नियमाने पहाटेपर्यंत चालणारा वग आधीच आखूड झाला. फर्माईशीने तो आणखी कापला जातो. कोल्हाटी, मातंग आणि इतर समाजांतील ज्या बाया हे पोटापाण्यासाठी करतात, त्यांना ती शेरेबाजी रोज सोसावी लागते. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनाने त्यांच्या घरातली बाजू कधीच समोर आणली आहे.

यापुढे तमाशावर लिहिणाऱ्या पटकथाकारांनी नायिकेला फडाचा हिशेब, वगातली भूमिका आणि कर्जाची चिंता द्यावी. प्रेमप्रकरण हवेच असेल तर ते त्यानंतर यावे. दिग्दर्शकांनी संगीत बारी आणि ढोलकी फड यांतला फरक पाळावा आणि सल्लागार म्हणून फडातल्या माणसांना मानधन देऊन, श्रेयनामावलीत नाव देऊन बोलवावे. राहुट्या दर हंगामात नारायणगावात लागतात, आणि तिथे बसणारी माणसे विचारले तर सगळे सांगतात.

— एक प्रेक्षक, मंचर (ता. आंबेगाव)