पेटी चालते, मग गिटार का नको?

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाची बैठक भरली होती. नववीतल्या एका मुलाने रंगमंचावर गिटार वाजवण्याची परवानगी मागितली होती. एक वडीलधारे सहकारी ताडकन म्हणाले, "परकीय वाद्य आपल्या संस्कारांत बसत नाही. अर्ज नामंजूर!" सगळ्यांच्या माना डोलल्या. मी तोंड उघडले, तोच ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तर बोलूच नका, मास्तर. जानेवारीत काय करून आलात, ते ठाऊक आहे आम्हांला!"

जे करून आलो ते वाचकांपुढे ठेवतो. निवाडा त्यांनीच करावा.

१९ जानेवारी २०२५, रविवार. मी आणि माझा बालमित्र अंबरनाथहून लोकलने ठाण्याला आणि तिथून गाडी बदलून नेरूळला गेलो. डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'कोल्डप्ले' या इंग्लंडच्या रॉक बँडचा कार्यक्रम होता. तिकिटे २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत. मित्राच्या मुलीने मोबाइलवर रांग धरून आम्हांला सर्वांत स्वस्तातल्या दोन जागा मिळवून दिल्या. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. मित्र कारखान्यात टर्नर. पण २००० साली या बँडचा पहिला संच निघाला, त्याची कॅसेट मित्राने आणली आणि अंबरनाथ पूर्वेच्या त्याच्या चाळीत आम्ही ती झिजेपर्यंत ऐकली.

या मित्राचा डावा कान लहानपणच्या तापात गेला. घरी गाणे ऐकताना तो उजवा कान यंत्राशी नेऊन बसतो. त्या रात्री ड्रम वाजू लागले, तेव्हा त्याने माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. "इथे ऐकू येतंय रे!" तो म्हणाला. लहानपणी शिवमंदिराच्या जत्रेत हा ढोलाला चिकटून का उभा राही, ते मला त्या रात्री कळले. पुढे 'यलो' हे गाणे सुरू झाले आणि हजारो मनगटांवर बांधलेले दिवे एकदम पिवळे झाले. दसऱ्याच्या बाजारातले झेंडूचे ढीग जणू श्वास घेत होते. मित्राने डोळे पुसले. मी पाहिले नाही, असे दाखवले.

"घरबसल्या फुकट ऐकता येते, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?" असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. घरबसल्या माझ्या मित्राला अर्धेच गाणे मिळत होते.

आता परकीयपणाचे पाहू. ज्या खोलीत गिटार नामंजूर झाली, तिच्याच कोपऱ्यात शाळेची पेटी होती. रोजची प्रार्थना तिच्यावर होते. ही पेटी कुठली? हार्मोनियम जन्मली एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये. पायाने भाता हाकायचे ते वाद्य आपल्या लोकांनी मांडी घालून, हाताने भाता हलवत वाजवण्याजोगे करून घेतले. तिलाही हेच ऐकावे लागले होते: वाद्य परके, स्वर तुटक, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले! मधल्या काळात आमची भजनी मंडळे काय मुकी बसली होती? १९११ च्या 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे तर नावाजलेले पेटीवादक. संगीत रंगभूमीवर ज्या ऑर्गनच्या साथीने पदे रंगली, तोही विलायतीच. आज पेटीला परकी म्हणणाऱ्याला वारकरी हसेल. वाद्याचे गोत्र त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. कोण कळवळून वाजवतो आणि कोण जीव लावून ऐकतो, यावरून ठरते.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे, तो तिकिटाचा. अडीच हजार रुपये ही मास्तराच्या किंवा टर्नरच्या घरात थोडी रक्कम नव्हे. समोर बसून ऐकण्याचे सुख असे महाग होत जावे, हे वाईटच. पण मग आमच्या नववीतला मुलगा तेच सुख सगळ्या शाळेला फुकट द्यायला निघाला असता, आम्ही त्यालाच दार लावतो, याला काय म्हणावे?

माझ्या सहकाऱ्यांना वैर नाही, निमंत्रण आहे. त्या मुलाला दहा मिनिटे द्या. पेटी शेजारीच ठेवा. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. शेजारी मी माझ्या मित्राला बसवतो. संपूर्ण ऐका आणि मग खुशाल नामंजूर करा. न ऐकता दिलेला निकाल हा कुठल्याही संस्कारात बसत नाही.

पेटीला आपण एकतीस वर्षे ताटकळत ठेवले. या पोराजवळ तेवढा वेळ नाही. पुढच्या वर्षी तो दहावीला जाईल. त्याचे हे एकच संमेलन उरले आहे.