आलेखालाही पट्टी हवी

ईसीजीचा कागद यंत्रातून साधारणपणे सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो आणि एक मिलिव्होल्टचा विद्युतदाब त्यावर १० मिलिमीटर उंचीने उमटतो. हे प्रमाण कागदावरच छापलेले असते. म्हणूनच तालुक्याच्या दवाखान्यात काढलेला ईसीजी मुंबईतल्या हृदयरोगतज्ज्ञाला नेमका वाचता येतो. मोबाइल आणि संगणकावरच्या आरोग्य-आलेखांना मात्र अशी सर्वमान्य पट्टी नाही.

रक्तदाब, साखर, वजन, झोप अशा साऱ्यांचे आलेख आता बोटाच्या टोकावर आले आहेत. बिंदूला स्पर्श केला की आकडा दिसतो, दोन बोटांनी ताणले की दिवसाचे तास उलगडतात. डी३, चार्ट.जेएस यांसारखी मोफत साधने उपलब्ध असल्याने असा आलेख अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर बसवणे फारसे अवघड राहिलेले नाही. त्याचे लाभही मोठे आहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २२ जानेवारी २०२० रोजी खुला केलेला करोनाचा नकाशा पुढे जगभरातील सरकारे आणि सामान्य माणसे रोज पाहत होती.

पण सोपेपणातच धोका आहे. वेगळी सूचना दिली नाही, तर रेषा-आलेखाच्या उभ्या अक्षाची मर्यादा अनेक साधने हाती आलेल्या आकड्यांवरूनच ठरवतात. वरचा रक्तदाब तीन दिवसांत ११८, १२१, १२४ असा नोंदवला गेला, तर रेषा तळापासून थेट माथ्याला भिडते. हीच नोंद ८० ते २०० च्या अक्षावर जवळपास सपाट दिसते. इतका चढउतार एका दिवसातही होतो. पण उभी चढण पाहून घाबरलेला रुग्ण स्वतःच गोळी वाढवू शकतो. उलट, आठवड्याची सरासरी दाखवणारा आलेख एका दिवशीचा १८० गिळून टाकतो आणि रुग्ण निर्धास्त राहतो.

न झालेल्या मोजणीचेही तसेच. चार दिवस साखर तपासलीच नाही, तरी आलेख दोन टोकांचे बिंदू सरळ रेषेने जोडू शकतो आणि मधले दिवस ठीक गेल्याचा भास होतो. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक काढताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पद्धत २४ पैकी किमान १६ तासांच्या नोंदींचा आग्रह धरते. माणसाच्या रक्तातील साखरेबाबत इतकी काळजी नको काय?

मांडणी चुकली की खरे आकडेही फसवतात. मे २०२० मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर करोनाचा एक आलेख झळकला. त्यात तारखा क्रमाने नव्हत्या. स्तंभ मात्र उतरत्या क्रमाने लावलेले होते. पाहणाऱ्याला साथ ओसरत असल्याचे वाटले. टीका झाल्यावर चूक सुधारून माफी मागावी लागली.

भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचाही समावेश झाला आहे. मग रुग्णाच्या हाती पडणाऱ्या आलेखासाठी किमान नियम ठरायला हरकत कसली? प्रत्येक मापनासाठी ठरावीक अक्ष असावा. सुरक्षित पट्टा मागे फिक्या रंगात दिसावा. नोंद नसेल तिथे रेषा तुटावी. सरासरी असेल तर तसे ठळक लिहावे. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्यांसाठी रंगाच्या जोडीला शब्द किंवा चिन्ह असावे. यातले काहीही खर्चिक नाही. संगणकतज्ज्ञाने अ‍ॅप बांधतानाच डॉक्टरांशी बोलून घ्यावे, एवढेच लागते.

रुग्णांनीही एक सवय लावून घ्यावी. रेषा वर गेली की खाली, हे पाहण्याआधी डाव्या बाजूचे आकडे वाचावेत. आणि गोळीचा डोस बदलायचा तो डॉक्टरांनीच, पडद्यावरच्या चढणीने नव्हे.