जिच्या आंदणात मुंबई गेली

इसवी सन १६६६ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने नंदुरबारात वखार घातली, तेव्हा हे गाव सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरील नामांकित पेठ होते. ‘ऐन-ए-अकबरी’ने येथील खरबुजांची दखल घेतली होती. टॅव्हर्नियर नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेने गेला. नवापूरचा कस्तुरीच्या वासाचा, हिमासारखा पांढरा तांदूळ बडे अमीर-उमराव खातात आणि इराणपर्यंत नजराणा म्हणून पाठवतात, असे त्याने लिहून ठेवले. त्या काळी मुंबई म्हणजे नारळाच्या वाड्या, भातखाचरे, मिठागरे आणि कोळीवाडे असलेले एक दलदलीचे बेट होते. व्यापाराच्या दृष्टीने नंदुरबारशी त्याची तुलनाच होऊ शकत नव्हती. हे बेट इंग्रजांच्या ताब्यात येऊन जेमतेम वर्ष-दीड वर्ष झाले होते. त्यांनी ते जिंकले नव्हते, विकतही घेतले नव्हते. ते एका नवरीबरोबर आले होते.

पोर्तुगालच्या राजाने मुलीच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण दिली, हे वाक्य शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. त्या वाक्यात मुंबई आहे, दोन राजे आहेत. मुलगी मात्र नावालाही नाही. तिचे नाव कॅथरिन. ब्रागांझा घराण्यातील ही राजकन्या २५ नोव्हेंबर १६३८ रोजी व्हिला विसोझा येथे जन्मली. ती दोन वर्षांची असताना पोर्तुगालने स्पेनचे साठ वर्षांचे जोखड झुगारून दिले आणि तिचे वडील चौथे जॉन या नावाने गादीवर बसले. गादी मिळाली, पण ती टिकण्याची शाश्वती नव्हती. स्पेनशी युद्ध चालूच राहिले. १६५६ मध्ये राजाचा मृत्यू झाला आणि राज्याचा भार राणी लुईसा हिच्यावर पडला. बलाढ्य शत्रू सीमेवर उभा असताना या विधवेला समर्थ मित्र हवा होता, आणि त्याची किंमत मोजण्याजोगी एक गोष्ट तिच्याजवळ होती: उपवर कन्या.

२३ जून १६६१ रोजी विवाहाचा तह झाला. पोर्तुगालने वीस लाख क्रुझादो रोकड, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजिअर हे बंदर, मुंबईचे बेट आणि ब्राझील व पूर्वेकडील वसाहतींत व्यापाराच्या सवलती द्यावयाच्या. इंग्लंडने त्याबदल्यात स्पेनविरुद्ध सैन्य आणि जहाजे पाठवावयाची. नवऱ्या मुलीसाठी सालिना तीस हजार पौंडांची तजवीज आणि स्वतःचा कॅथलिक धर्म पाळण्याची मुभा, ही दोन कलमेही त्यात होती. रोकडीच्या कलमाने मात्र लिस्बनमध्ये फजिती केली. नवरीला नेण्यासाठी लॉर्ड सँडविच आरमार घेऊन आला, तेव्हा राणी लुईसाने त्याला कळवले की तूर्त निम्मीच रक्कम देता येईल, आणि तीही नाण्यांत नव्हे. युद्धाने खजिना रिता झाला होता. मग जहाजांवर साखरेची पोती चढली, मसाले चढले, जवाहीर आले आणि उरलेल्या रकमेच्या हुंड्या लिहून दिल्या गेल्या. मालाची विक्री करून पैसा उभा करण्यासाठी दुआर्ते द सिल्व्हा हा व्यापारीही वऱ्हाडाबरोबर निघाला. राजघराण्याच्या लग्नातही व्याह्यांनी पोत्यांची मोजदाद केली, ही गोष्ट पेढीवर बसणाऱ्या कोणालाही नवलाची वाटणार नाही. मात्र हा सारा हिशेब चालू असताना तेवीस वर्षांची, इंग्रजी न येणारी आणि आजवर बहुतांशी मठाच्या शांत वातावरणात वाढलेली एक मुलगी गलबतावर पाय ठेवीत होती, हे विसरता येत नाही.

मे १६६२ मध्ये ती पोर्टस्मथला उतरली. प्रवासाच्या शिणाने तिला ताप आला होता. तिने चहा मागितला आणि घरात तो नसल्याने तिच्यापुढे बिअरचा पेला आला, अशी एक कथा सांगितली जाते. चहा लंडनमध्ये अगदीच अपरिचित नव्हता, परंतु तो दरबारी चालीचा झाला तो या राणीमुळे. पोर्तुगीज लोक त्याला ‘शा’ म्हणतात. आपला ‘चहा’ आणि त्यांचा ‘शा’ हे मुळात एकाच चिनी शब्दाचे वंशज. इंग्रजांनी पेय राणीकडून उचलले, शब्द मात्र दुसरीकडून घेतला.

२१ मे रोजी विवाह झाला, तोही दोनदा: एकदा खाजगीत कॅथलिक विधीने, एकदा उघडपणे इंग्लंडच्या चर्चच्या रीतीने. राजा दुसरा चार्ल्स एकतिशीचा, बोलका, हजरजबाबी आणि स्त्रियांच्या बाबतीत बेताल होता. बार्बरा पामर, म्हणजे लेडी कॅसलमेन, ही त्याची रखेल त्याच सुमारास त्याच्या दुसऱ्या अपत्याला जन्म देत होती. काही आठवड्यांतच राणीच्या महालातील मानकरी स्त्रियांची यादी कॅथरिनपुढे आली. त्यात बार्बराचे नाव होते. कॅथरिनने ते खोडले.

या एका खोडलेल्या नावावरून हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात सारा उन्हाळा धुमसत राहिला. राजाने त्या बाईला भर दरबारात राणीपुढे आणून उभे केले. ती कोण हे कळताच कॅथरिनच्या नाकातून रक्त वाहू लागले आणि ती मूर्च्छित पडली. तिने माहेरी परत जाण्याची भाषा केली. राजाने उलट तिचे माहेरचे बहुतेक माणूस परत पाठवून दिले. तिची समजूत घालण्याचे काम वृद्ध मंत्री क्लॅरेंडन याच्यावर टाकले गेले, आणि ते काम त्याला स्वतःलाच आवडत नव्हते. तिच्या पोर्तुगीज घेरदार पोशाखाची चेष्टा झाली, भाषेची झाली. अखेर एके दिवशी ती बार्बराशी बोलली. सवतीला महालात जागा मिळाली. काही चरित्रकारांनी याला तिची हार म्हटले आहे. पण परक्या देशात, भाषेवाचून, आपल्या म्हणाव्या अशा एकाही माणसाविना त्या मुलीने कित्येक आठवडे राजाला नकार दिला. एवढा काळ त्याच्यासमोर टिकणारे दरबारी पुरुष फारसे नव्हते.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १६६३ मध्ये, ती तापाने मरणाच्या दारी पोचली. ग्लानीत तिला वाटू लागले की आपल्याला मूल झाले आहे. मुलगा कुरूप निपजला, याची तिला खंत वाटत होती. उशाशी बसलेल्या राजाने सांगितले, की नाही, तो फार देखणा आहे. शुद्धीवर येताना तिने पहिला प्रश्न विचारला तो मुलांचाच. सॅम्युअल पीप्स याच्या रोजनिशीत ही हकीकत आली आहे. प्रत्यक्षात तिला मूल कधीच झाले नाही. १६६६, १६६८ आणि १६६९ मध्ये गर्भ राहिला आणि गेला. राजाची इतर स्त्रियांपासून झालेली डझनभर मुले दरबारात सरदारकीच्या पदव्या घेऊन वावरत होती. राणीने ते सारे डोळ्यांनी पाहिले.

इकडे तिच्या आंदणाची कथा निराळीच चालली होती. मुंबई ताब्यात घेण्यासाठी १६६२ मध्ये इंग्रज जहाजे येऊन थडकली. गोव्याच्या व्हाइसरॉयने कागदपत्रांतील उणिवा दाखवून बेट देण्याचे नाकारले. आंदण म्हणजे केवळ मुंबई बेट, की त्यालगतची साष्टी आणि ठाणेही, यावर वाद जुंपला. सर अब्राहम शिपमन आपले सुमारे चारशे सैनिक घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत राहिला. पावसाळे गेले, रोगराई आली. शिपमन तेथेच मेला आणि बहुतेक सैन्यही. शंभराच्या आसपास उरलेल्या माणसांनिशी हम्फ्री कुक याने १८ फेब्रुवारी १६६५ रोजी बेटाचा ताबा घेतला. ताब्याचा कागद झाला तो दोना इग्नेझ द मिरांडा या विधवा जमीनदारिणीच्या वाड्यात. मुंबई हातची जाऊ देणे म्हणजे पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील सत्तेचा अंत ओढवून घेणे होय, असा इशारा व्हाइसरॉयने आपल्या राजाला लिहून पाठवला होता. लिस्बनला मात्र त्या घडीला हिंदुस्थानापेक्षा स्पेनची सीमा जवळची होती.

आणि ती सीमा वाचली. इंग्रज पलटणी पोर्तुगालच्या बाजूने लढल्या आणि फेब्रुवारी १६६८ मध्ये स्पेनने पोर्तुगालचे स्वातंत्र्य मान्य केले. ज्या कामासाठी मुलगी दिली ते काम झाले. पुढच्याच महिन्यात, २७ मार्च १६६८ रोजी, राजा चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. भाडे ठरले सालिना दहा पौंड, दर ३० सप्टेंबरला सोन्याच्या नाण्यांत भरावयाचे. बेटावरचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होता आणि राजाला ही डोकेदुखी नको होती. राणीला कोणी विचारले नसणार.

कंपनीने पुढे या बेटावर सुरतेचे व काठियावाडचे व्यापारी आणण्यासाठी फार खटपट केली. त्यातील एक प्रसंग या मासिकाच्या वाचकांना विशेष भावेल. दीवचा वाणी व्यापारी नीमा पारेख याने १६७७ मध्ये मुंबईत येण्यापूर्वी अटी लिहून मागितल्या. आपल्या घरांत आपला धर्म निर्वेधपणे पाळता यावा. आपल्या वाड्यात कोणाही परधर्मीयाने राहू नये आणि तेथे कोणत्याही जीवाची हत्या करू नये. आपल्या रीतीने प्रेतदहन करता यावे. कंपनीने त्या मान्य केल्या. माल, दर, जकात यांच्या आधी जीवदयेचे कलम मागणारा हा व्यापारी पोर्तुगीजांच्या दीवमधून निघाला होता, आणि ज्या पोर्तुगीज राजकन्येमुळे त्याला ही जागा उपलब्ध झाली, तिच्याही विवाहाच्या कागदात स्वधर्माचे कलम होते. फरक इतकाच, की त्याचे कलम बरेच सुखाने पाळले गेले आणि तिला तिच्या कलमाची किंमत आयुष्यभर मोजावी लागली.

कॅथलिक असल्यामुळे तिचा राज्याभिषेक कधीच झाला नाही. १६७८ मध्ये तर प्रकरण गळ्याशी आले. टायटस ओट्स नावाच्या एका भामट्याने कॅथलिकांच्या कटाची बनावट कहाणी रचली. साऱ्या इंग्लंडने ती खरी मानली आणि अनेक निरपराध माणसे फासावर गेली. नोव्हेंबरमध्ये ओट्सने थेट राणीचे नाव घेतले: राजाला विष देण्याच्या कटात तीही आहे. राणीला दूर करून राजाने दुसरे लग्न करावे आणि राज्याला वारस द्यावा, असे इच्छिणाऱ्यांना ही संधीच वाटली. येथे मात्र त्या बेताल नवऱ्याने ताठ कणा दाखवला. त्याने स्वतः ओट्सची उलटतपासणी घेतली, त्याचे खोटे पकडले आणि निरपराध स्त्रीचा छळ होऊ देणार नाही, असे स्पष्ट बजावले. घटस्फोटाचा सल्लाही त्याने पूर्वीपासून झिडकारला होता. राणीचा वैद्य सर जॉर्ज वेकमन याच्यावर विषप्रयोगाचा खटला चालला, तोही जुलै १६७९ मध्ये निर्दोष सुटला. चार्ल्सच्या चांगुलपणाचा हिशेब मांडताना हे पान त्याच्या जमेस धरावेच लागेल, जरी नावेची बाजू बरीच लांब असली तरी.

फेब्रुवारी १६८५ मध्ये तो मृत्युशय्येवर होता. शोकाने कोसळलेली कॅथरिन त्याच्याजवळ थांबू शकली नाही. काही चुकले असेल तर क्षमा असावी, असा निरोप तिने पाठवला. क्षमा तिने का मागावी, ती तर आपणच तिची मागायला हवी, असे तो उत्तरला. तेवीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट तो बहुधा प्रथमच इतक्या सरळपणे बोलला.

विधवा राणी आणखी सात वर्षे इंग्लंडात राहिली. १६९२ मध्ये ती निघाली आणि १६९३ च्या जानेवारीत लिस्बनला पोचली. तीस वर्षांपूर्वी हुंड्या आणि साखरेच्या पोत्यांसह जिची पाठवणी झाली होती, ती आता चौपन्न वर्षांची होती. तिने बेम्पोस्ता येथे आपला वाडा बांधला. तिचा भाऊ दुसरा पेद्रो राज्य करीत होता. तो आजारी पडला तेव्हा राज्यकारभार त्याने बहिणीकडे सोपवला. स्पेनच्या वारसाचे मोठे युद्ध तेव्हा पेटलेले होते. ज्या स्पेनच्या भयाने तिचे लग्न ठरले, त्याच स्पेनच्या सीमेवरचे युद्ध आता ती चालवू लागली, आणि १६९३ पूर्वी राजकारणाचा कोणताही अधिकार हाती न आलेल्या या बाईने ते नेटाने चालवले. १६०५ नव्हे, १७०५ च्या वसंतात, म्हणजे तिच्या वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, पोर्तुगीज फौजांनी व्हॅलेन्सिया द अल्कांतारा आणि अल्बुकर्क ही स्पॅनिश ठाणी जिंकली.

त्याच वर्षी, ३१ डिसेंबर १७०५ रोजी, बेम्पोस्ताच्या वाड्यात तिचा मृत्यू झाला. तोवर कंपनीने पश्चिम किनाऱ्यावरील आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवून अठरा वर्षे उलटली होती.