पोटगी नव्हे, वाटा

वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात एक घर उभे राहते, दोन एकर जमीन घेतली जाते, बँकेत चार पैसे साठतात. ही मिळकत कोणाची, हा प्रश्न संसार सुरळीत चालला असताना कोणी विचारीत नाही. नवऱ्याने घराबाहेर काढले म्हणजे तो उभा राहतो, आणि कायद्याचे उत्तर ठरलेले असते : ज्याच्या नावे खरेदीखत, त्याची मिळकत. तिने खुरपणी केली, जनावरे राखली, मुले वाढविली, म्हाताऱ्यांची शुश्रूषा केली. त्या श्रमांची नोंद सातबाऱ्यावर नसते.

कायद्याने स्त्रीला काहीच दिले नाही, असे आम्ही म्हणत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला वारसाहक्क व स्वतःच्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचे स्थान महाराष्ट्राने १९९४ साली दिले, देशाने २००५ साली. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सासरच्या घरात राहण्याचा हक्क मिळाला. म्हणजे मुलगी म्हणून हक्क आहे, विधवा म्हणून आहे. पण नवरा जिवंत असताना, दोघांच्या कष्टाने उभ्या राहिलेल्या मिळकतीत पत्नी म्हणून तिचा वाटा नाही. हिंदू विवाह कायद्याचे २७ वे कलम लग्नाच्या सुमारास मिळालेल्या समाईक भेटवस्तूंपुरतेच बोलते. बाकी उरते पोटगी. पोटगी नवऱ्याच्या ऐपतीवर आणि न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते. वाटा हा श्रमाचा मोबदला असतो. पोटगी आवश्यक आहेच, पण ती वाट्याची जागा घेऊ शकत नाही.

हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या गोव्याकडे पाहावे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर, पतिपत्नींची मिळकत समाईक व प्रत्येकाचा हिस्सा निम्मा मानला जातो. पत्नीच्या संमतीवाचून नवऱ्याला स्थावर विकता येत नाही. त्या संहितेने कारभार नवऱ्याच्याच हाती ठेवला, हा तिचा मोठा दोष. परंतु मूळ तत्त्वाने तेथील कुटुंबसंस्था मोडून पडली नाही.

दिल्लीत मात्र पाऊल अडखळले. घटस्फोटाच्या वेळी पत्नीला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदा दुरुस्ती विधेयक राज्यसभेने २०१३ साली संमत केले; लोकसभेत ते अडले आणि २०१४ साली ती लोकसभा संपताच बारगळले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली, नवऱ्याने परदेशात कमावलेल्या पैशातून घेतलेल्या मिळकतीत घर सांभाळणाऱ्या पत्नीचा निम्मा हक्क मान्य केला. निवाडा स्वागतार्ह आहे. पण जो हक्क मिळविण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, तो खेड्यातील परित्यक्तेच्या काय कामाचा?

म्हणून कायदाच हवा : विवाहकाळात मिळविलेली मिळकत, नाव कोणाचेही असो, दोघांची; आणि हा नियम सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखाच लागू.

कायदा होईपर्यंत आपण काय करणार? चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली आणि अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करून दिला. त्या संघटनेच्या अर्थविचाराशी आपले मतभेद असतील, पण त्या शेतकऱ्यांपुढे आपल्याला मान झुकवावीच लागेल. आपले कार्यकर्ते दौऱ्यावर असतात, तुरुंगात असतात. तेव्हा शाळेत वा दवाखान्यात नोकरी करून, नाहीतर मोलमजुरी करून चूल पेटती कोण ठेवते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. संपत्ती श्रमातून निर्माण होते, हे आपण गिरणीच्या दारात सांगत आलो. ते स्वतःच्या उंबरठ्याच्या आत सांगायला आपली जीभ का अडखळावी? सभेत ठराव मांडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घराचे खरेदीखत काढून त्यावर नाव कोणाचे आहे ते पाहावे. चळवळीची सुरुवात तेथून होऊ द्या.